दौंड-बारामतीची छोटी गाडी आणि एक दुरुस्ती

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, त्या संधींबद्दल आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यापेक्षा मला दौंड-बारामतीच्या छोट्या रेल्वेवर बोलू द्या. ते जरा गप्प झाले, पण नाही म्हणाले नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार.

हा विषय निवडायला एक कारण आहे. नववीत असताना आपण 'आपला परिसर' नावाचं भित्तिपत्रक केलं होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर ते महिनाभर लागलं होतं. कुणी मोरोपंतांवर लिहिलं, कुणी कऱ्हा नदीवर, कुणी पालखीवर. मी छोट्या रेल्वेवर लिहिलं होतं. भूगोलाच्या बाईंनी तो लेख वर्गात वाचून दाखवला आणि शाबासकी दिली. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

बाई, त्या लेखातलं एक वाक्य खोटं होतं. ते दुरुस्त करायला मी आले आहे. पण ते वाक्य समजायला आधी गाडीची गोष्ट सांगावी लागेल.

ही गोष्ट रेल्वेपासून सुरू होत नाही, पाण्यापासून होते. १८७६-७७ चा दुष्काळ आपल्या भागात फार वाईट गेला. दुष्काळी कामांतून नीरा डावा कालवा पुढे सरकला आणि १८८५ च्या सुमाराला बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या जिरायती रानात पाणी आलं. भाटघरचं धरण त्यामागोमाग झालं. पाणी आलं तसा ऊस आला, आणि ऊस कसा करायचा हे ज्यांना ठाऊक होतं ती सासवडकडची माळी मंडळीही आली. साखर कारखाने तेव्हा नव्हते. उसाचा गूळच व्हायचा. गुऱ्हाळं लागायची, काहिली चढायच्या, आणि गुळाच्या ढेपा बैलगाडीनं बारामतीच्या पेठेत यायच्या.

मुंबई-पुण्याची मोठी रेल्वे तोवर दौंडवरून केव्हाच पुढे गेली होती. १८५८ च्या डिसेंबरात ती पुण्याहून डिकसळपर्यंत पोचली होती, म्हणजे आपल्या इंदापूर तालुक्याच्या हद्दीत. पुढच्या वर्षी ती बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड मोठं जंक्शन झालं. माल एकदा दौंडला पोचला की मुंबई, खानदेश, सोलापूर, कुठंही जाऊ शकत होता. प्रश्न होता तो बारामती ते दौंड या सत्तावीस मैलांचा. बैलगाडीला त्याला दोन दिवस लागत, आणि पावसाळ्यात चाकं काळ्या रानात रुतत.

१९१४ मध्ये त्या सत्तावीस मैलांवर रेल्वे झाली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. मोठ्या रेल्वेचं साडेपाच फूट. चालवायचं काम जीआयपी रेल्वेकडेच होतं. दौंडहून मळद, शिर्सुफळ, काटफळ या बाजूनं माळरान कापत ती बारामतीत येऊन थांबायची. पुढे रूळ नव्हते.

शाळेत असताना मला वाटायचं, इंग्रजांनी आपल्याला कमी लेखून छोटी गाडी दिली. पुढे इंजिनियरिंग शिकले तेव्हा कळलं की त्यामागे चांगला हिशेब होता. रुळांतलं अंतर कमी केलं की जमीन कमी लागते, भराव अरुंद चालतो, पूल हलके चालतात, वळण जास्त घेता येतं. जिथं माल हंगामातच आहे आणि प्रवासी थोडे आहेत, तिथं मोठ्या रेल्वेचा खर्च कधीच निघाला नसता. म्हणजे प्रश्न छोटी का मोठी असा नव्हता. छोटी का काहीच नाही, असा होता.

हा हिशेब ज्यानं आपल्या भागात सिद्ध करून दाखवला तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा इंग्रज इंजिनियर १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ मुख्य मार्गापासून एकवीस मैल दूर होती. सगळा कापूस बैलगाड्यांतून यायचा. त्यानं १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, अडीच फुटी. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी किती जड आहे याला महत्त्व नाही, एका आसावर किती वजन पडतं याला आहे. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही. मग हलके रूळही पुरतात आणि त्यावरून भरपूर माल नेता येतो. इंजिनाला आस वाढवले, डब्यांना चार-चार चाकांच्या बोग्या लावल्या, आणि वजन सगळ्यांत वाटून दिलं. ही रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. वारीच्या दिवसांत तिला माणसं कशी लटकलेली असायची, हे आपल्यातल्या अनेकांनी घरी ऐकलं असेल. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट करण्याच्या मागे लागला. हे सांगितलं की माझा मुलगा ऐकायला बसतो.)

आणखी एक धागा आपल्या तालुक्यापर्यंत येतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी घरचा व्यापार सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर ठेकेदारी सुरू केली, तेव्हा त्यांचं पहिलं काम याच बार्शी लाइटचा एक तुकडा बांधण्याचं होतं. फाटक हे त्याआधी रेल्वेत कारकून होते. पुढे वालचंदांनी केवढे उद्योग उभे केले ते आपल्याला माहीत आहे, आणि १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर उभं राहिलं. आपल्या वर्गातले निदान चारजण वालचंदनगरहून यायचे. त्या गावाच्या नावामागेही अडीच फुटी रूळ आहेत, एवढंच सांगायचं होतं.

म्हणजे छोटी रेल्वे ही हुशारीची गोष्ट होती. मी नववीत लिहिलेल्या लेखात हे नव्हतं. त्यात धूर होता, शिट्टी होती आणि 'गाडी इतकी हळू की माणूस उतरून बोरं वेचून परत चढायचा' ही गोष्ट होती. ती गोष्ट जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात, हे मला नंतर कळलं.

आता दौंडला येऊ या, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

अडीच फुटी डबा साडेपाच फुटी रुळांवर जात नाही. बारामतीहून गुळानं भरलेला डबा दौंडला आला की त्याचा प्रवास संपला. त्यातली प्रत्येक ढेप उतरवायची आणि शेजारी लागलेल्या मोठ्या डब्यात चढवायची. उलटीकडून उसाला घालायची पेंड यायची, खताची पोती यायची, कापडाचे गठ्ठे, रॉकेलचे डबे, लोखंडी सामान. तेही सगळं मोठ्यातून छोट्यात. रेल्वेच्या भाषेत याला 'ट्रान्सशिपमेंट' म्हणतात. दौंडला लोक नुसतं 'पलटी' म्हणायचे.

माझे आजोबा, आमचे तात्या, त्या पलटीवर हमाल होते.

स्वातंत्र्याच्या आधी, विशीत असताना, ते इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून दौंडला गेले. आमची जमीन कालव्याच्या टेलला. टेलला पाणी केव्हा येतं आणि किती येतं हे इथं कुणाला सांगायला नको. ते पंधराएक वर्षं दौंडला राहिले. रेल्वेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव कधीच नव्हतं. मुकादमाची टोळी, आणि नगावर मजुरी. माल आला तर पैसे, नाही आला तर फलाटावर बसून राहायचं. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठायचं, कारण मोठा डबा अडकवून ठेवला की व्यापाऱ्याला दंड बसायचा आणि शिव्या टोळीला.

त्यांच्याकडून मी जे ऐकलं ते कुठल्याही पुस्तकात नाही. गुळाला आकडी लावता येत नाही, ढेप फुटते. म्हणून ती मिठी मारल्यासारखी धरून पाठीवर घ्यायची. दोन डब्यांच्या मध्ये फळी टाकलेली असायची आणि दोन्ही डब्यांची उंची सारखी नसायची, त्यामुळे प्रत्येक फेरीला एक चढ. उन्हाळ्यात गूळ पाघळायचा आणि पाठीवर चिकटायचा, मग मुंगळे यायचे. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटायचं आणि फळी निसरडी व्हायची. ढेप फुटली तर मजुरीतून कापायचे. तात्यांच्या डाव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसायचे तेव्हा ती धरूनच बसायचे. ती गाठ कशाची, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

हमालांसाठी कायदा झाला तो १९६९ मध्ये, माथाडी कायदा. तात्या त्याच्या बऱ्याच आधी पलटी सोडून गावी परतले होते.

आता माझं वाक्य. नववीतल्या त्या लेखाचा शेवट मी असा केला होता : 'माझे आजोबा या रेल्वेत नोकरीला होते.' बाईंनी ते वाक्य मुद्दाम दोनदा वाचलं. मधल्या सुट्टीत मुली मला विचारत होत्या, गार्ड होते का ड्रायव्हर? मी म्हटलं, ऑफिसात होते.

मी तेव्हा आठवीपासून बारामतीत मावशीकडे राहून शिकत होते. माझ्या बोलण्यातलं 'व्हय' आणि 'न्हाय' वर्गात हसण्यावारी जायचं. तुम्ही कुणी वाईट नव्हता, आणि आज त्यातले अर्धे जण पुण्यात राहून माझ्यापेक्षा जास्त 'व्हय' म्हणतात. पण तेव्हा आजोबा हमाल होते, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्या महिन्यात तात्या एसटीनं ज्वारीचं पीठ आणि तूप घेऊन मला भेटायला आले होते. शाळा सुटायची होती म्हणून ते व्हरांड्यात थांबले, आणि थांबले ते नेमके त्या फळ्यापाशी. तात्या चौथी शिकलेले. ओळीखाली बोट धरून वाचायचे. मी वर्गातून बाहेर आले तेव्हा त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. माझे पाय तिथंच थांबले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, "रेल्वेत नोकरी व्हय? मग माझी पेन्शन कुठं गेली गं पोरी?"

एवढंच. रागावले नाहीत. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. त्यांनी उसाचा रस पाजला, गाडीत बसले आणि गेले. नंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही, आणि मीही नाही. मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले. तोवर पलटीच्या गोष्टी सांगत राहिले, पण त्या मी विचारल्या म्हणून नव्हे. मी कधीच विचारलं नाही. ते आपले सांगायचे.

हे सगळं मी विसरलेही असते. ते परत आलं ते माझ्या कामामुळे. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या संस्थेसाठी काम करत होते. तिच्याकडे जुनी संगणक प्रणाली होती आणि आम्ही नवी करून दिली. दोन्ही एकमेकींना जोडायचं काम खर्चिक होतं, म्हणून ते पुढे ढकललं. तो निर्णय ज्यांनी घेतला त्यांत मी होते. कागदावर बचत छान दिसत होती. वेळेआधी काम झालं, कौतुकही झालं.

चार महिन्यांनी मी तिथल्या एका शाखेत गेले. एक बाई दोन पडदे समोर ठेवून बसल्या होत्या. डावीकडच्या पडद्यावरचा आकडा वाचायचा आणि उजवीकडे टाइप करायचा. दिवसभर तेच. मनगटाला पट्टा बांधला होता. मी विचारलं, हे रोज करता? त्या म्हणाल्या, "तुमच्या दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नाहीत ना, म्हणून मधे मी." आकडा चुकला तर बोलणी त्यांनाच बसत होती.

मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि मला तात्यांचा खांदा आठवला.

त्या दिवशी मला छोट्या रेल्वेचा हिशेब पूर्ण कळला. रूळ स्वस्त झाले, पूल स्वस्त झाले, हे खरंच आहे, आणि रेल्वे व्हायलाच हवी होती. तिच्यामुळे शेतकऱ्याला भाव मिळाला, पेठ वाढली, बारामती वाढली. पण वाचलेल्या पैशातला काही भाग वाचलेलाच नव्हता. तो फक्त दौंडला नेऊन ठेवला होता, जिथं दोन रुंद्या एकमेकींना भेटत होत्या. आणि तिथं तो रोज, नगानगानं, माणसांच्या पाठीवरून फेडला जात होता. कंपनीच्या जमाखर्चात पलटीची मजुरी दिसली असेल. खांद्यावरची गाठ कुठल्या खात्यात लिहितात?

मी परत गेले आणि ती जोडणी करायला लावली. त्याला सहा महिने लागले, आणि वरच्यांशी बरंच भांडावं लागलं. तेव्हापासून नवं काम आलं की मी एक प्रश्न विचारते. माझ्या हाताखालची मुलं आता त्याला हसतात, कारण तो ठरलेला आहे : याची पलटी कुठं आहे, आणि तिथं कोण उभं आहे?

बारामतीच्या रुळांची रुंदी पुढे बदलली. आता दौंडहून मोठी गाडी थेट येते, पलटी राहिली नाही. लोणंदहून फलटणपर्यंत रेल्वे आली आहे आणि फलटण-बारामतीचं काम चालू आहे. ते झालं की जिथं रूळ संपायचे तिथून ते पुढे जातील. बार्शी लाइट सरकारनं १९५४ मध्येच घेतली होती, तीही आता रुंद झाली आहे. विदर्भातली शकुंतला, पाचोरा-जामनेरची गाडी, यांच्या आठवणी लोक जपत आहेत. इंजिनांचे फोटो आहेत, तिकिटं आहेत, आणि ती जपायलाच हवीत. पण फलाटावर फळी टाकून उभ्या असलेल्या टोळीचा फोटो मला अजून कुठं दिसलेला नाही. त्यांची नावं कुठल्या नोंदवहीत नाहीत. ती असलीच तर तुमच्या-माझ्या घरात, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या संपादकांना माझी एक विनंती आहे, आणि ती तुम्हा सगळ्यांनाही आहे. पुढच्या अंकासाठी आपण प्रत्येकानं आपल्या आजी-आजोबांचं काम लिहून द्यावं. हुद्दा नको, काम लिहा. गुऱ्हाळावर गुळव्या असतील, कालव्यावर पाटकरी असतील, खुरपायला जाणारी आजी असेल, पेठेत तोलणारे असतील. किती वाजता उठायचे, काय उचलायचे, कुठं दुखायचं. आपण तीसेक वर्षांपूर्वी 'आपला परिसर' लिहिला, त्यात हे राहून गेलं. विचारायला ज्यांच्या घरी अजून कुणी आहे, त्यांनी उशीर करू नये. मी केला.

आणि बाई, आता दुरुस्ती. ते भित्तिपत्रक आता कुठं असणार? पण ही स्मरणिका छापली जाणार आहे, म्हणून वाक्य तिच्यात छापलं जावं. तुम्ही तेव्हा दोनदा वाचलं होतं, म्हणून मीही दोनदा म्हणते.

माझे आजोबा दौंड स्टेशनवर हमाल होते.

माझे आजोबा दौंड स्टेशनवर हमाल होते. बारामतीचा गूळ त्यांच्या पाठीवरून मुंबईला गेला.

 जेवणात आज गूळपोळी आहे असं कळलं. चला, उठू या.